दुपारी घरी कोण असतं

"आणि दुपारी घरी कोण असतं?" फोनवरच्या मुलीनं विचारलं, आणि त्याची पेन्सिल कागदावर जिथल्या तिथे थांबली. तोवर सगळं कसं सुरळीत चाललं होतं. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं. खोल्या किती? दोन. गॅस? नाही, या इमारतीत गॅस आलेलाच नाही, सगळं विजेवर. शेगडी, हीटर, आंघोळीचं पाणी, सगळं. एका प्रश्नाला एक उत्तर, एका उत्तरापुढे एक खूण. घरमालकीणबाईंनी वर्षभर मीटर स्वतःच्या नावावर चालू ठेवलं होतं आणि आता बजावलं होतं, की महिनाअखेरीस ते तुमच्या नावावर करून घ्या, कंपनी तुमची तुम्ही निवडा, नाहीतर जी गळ्यात पडेल तिच्याशी संसार करा. म्हणून त्यानं तीन कंपन्यांची पत्रकं टेबलावर ओळीनं मांडली होती, रकाने आखले होते, आणि ऑफिसला निघण्याआधीची चाळीस मिनिटं या कामासाठी काढून ठेवली होती. त्यातली एकवीस झाली होती. "दुपारी?" त्यानं विचारलं. "हो काका. तुम्ही मीटरचा नंबर दिलात ना, त्यावरून मला इथे दिसतंय. रोज दोन ते चारच्या मध्ये तुमच्याकडे बरीच वीज जाते. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, लहान मूल असेल, तर आमचा दुपारचा प्लॅन तुम्हाला फायद्याचा पडेल. दुपारी स्वस्त, बाकी वेळ थोडा महाग." दुपारी तो ऑफिसात असतो. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत या घरात चिटपाखरू नसतं, अकरा महिन्यांत पाहुणा म्हणून कुणी उंबरठा ओलांडलेला नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसला. "मुलगी," तो म्हणाला. "मुलगी असते."

विचार करून कळवतो, असं सांगून त्यानं फोन ठेवला, आणि त्या दिवशी एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो ऑफिसात अकरा मिनिटं उशिरा पोचला. ऑफिस म्हणजे शहराच्या बसगाड्यांचं वेळापत्रक खातं. तिथे त्याला सगळे मिनिटराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे, उलट आतून जरा बरंच वाटे. कोणती गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजून किती मिनिटांनी यायची, हे त्याच्या पेन्सिलीतून ठरायचं. खिडकीतून कधी बसकडे पाहायची त्याला गरज पडली नाही. त्याच्यापुढे चढ-उताराचे तक्ते यायचे, कोणत्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, आणि त्या आकड्यांतून त्याला माणसं दिसायची. पावणेतीनला दवाखान्याच्या थांब्यावर नऊ जण चढले की पाळी सुटलेल्या परिचारिका. सात दहाला मैदानाजवळ चार उतरले की फिरायला जाणारी म्हातारी मंडळी. आकडा वर गेला की तिथे माणूस असतोच, या एका श्रद्धेवर त्याची नोकरी उभी होती आणि सहा महिन्यांनी ती सन्मानानं संपणार होती. त्यामुळे फोनवरच्या मुलीनं पाठवलेला मीटरचा आलेख त्यानं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर उघडला, तेव्हा त्याला तो परका वाटलाच नाही. दिवसाच्या अठ्ठेचाळीस उभ्या काड्या, अर्ध्या तासाला एक. सकाळी सहाला एक टेकडी, ती त्याची. संध्याकाळी सहानंतर दुसरी, तीही त्याचीच. मधला सगळा सपाट माळ, फ्रिजचं बारीक गवत तेवढं. आणि त्या माळावर रोज दोनला उगवणारी नि चारच्या आत मावळणारी तिसरी टेकडी, त्याच्या दोन्ही टेकड्यांपेक्षा उंच.

घराची दुसरी किल्ली फक्त एका माणसाकडे होती. इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं ती पाकिटात घालून मुलीला पाठवली होती. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावं यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पत्ता लिहिला आणि खाली एकच शब्द: कधीही. मिनिटरावांनी आयुष्यात कुणाला वेळ न सांगता बोलावल्याचा तो पहिला प्रसंग. उत्तर आलं नाही. फोन ती त्याच्याही आधीपासून उचलत नव्हती. एकाच शहरात, बसनं पस्तीस मिनिटांच्या अंतरावर, ती लोकांच्या आखडलेल्या पाठी आणि मोडून जोडलेले गुडघे सरळ करायचं काम करत होती, आणि त्याच्याशी दीड वर्ष बोलली नव्हती. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. बायको गेली त्या दिवशी तो दवाखान्यात तिच्या उशाशी होता. ती पाच वाजता गेली. त्यानं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं, सवयच ती. मुलगी पाच वीसला जिन्यावरून धावत आली, केस कपाळाला चिकटलेले, पिशवीचा पट्टा हातावर घसरलेला, आणि दारातच त्यानं तिला सांगितलं, "वीस मिनिटं उशीर झाला तुला." बस, एवढंच. तिनं पट्टा खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "बस नव्हती, बाबा. मी उभी होते, बसच नव्हती." आणि आत गेली. 'उशीर झाला' या वाक्यानं आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं, नुसती माहिती द्यायची होती की बोल लावायचा होता, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. पण बस का नव्हती, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. अकरा नंबरची चार पस्तीसची फेरी त्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद झाली होती. चढ-उतार चार माणसांचा. चार माणसांसाठी गाडी परवडत नाही. त्या ओळीवरची आडवी रेघ त्याच्याच पेन्सिलीची होती. हे त्यानं तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर तर नाहीच. नंतर उरकायची कामं होती आणि कामं उरकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन आठवड्यांत त्यानं कपाटं रिकामी केली, भांडी वाटून टाकली, घर विकायला काढलं. आईच्या वस्तू न्यायला म्हणून मुलगी मावशीबरोबर आली तेव्हा खोल्यांतून आवाज घुमत होता. तेव्हाही ती भांडली नाही. रिकाम्या ओट्यावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली.

त्या घरातून या घरात आलेली स्वयंपाकघरातली एकच वस्तू म्हणजे विजेची किटली. बाकी सगळं गॅसचं होतं, इथे निरुपयोगी. आजारपणात ती बायकोच्या उशाशी असायची. दूध पचेना तेव्हापासून ती कोरा चहा प्यायची, दिवसातून सात-आठ वेळा अर्धा-अर्धा कप, भरपूर साखर घालून. किटलीचं झाकण ढिलं होतं, बोटानं दाबून लावलं नाही तर पाणी उकळून उकळून आटलं तरी ती बंद व्हायची नाही. बायको म्हणायची, हिला आपल्या घरचं वळण लागलंय, कुणीतरी दाबल्याशिवाय गप्प बसत नाही. तो सकाळी तिच्यात पाणी तापवायचा आणि वास येऊ नये म्हणून झाकण उघडं टाकून जायचा. कधीकधी संध्याकाळी ते लावलेलं सापडे. साठी बुद्धी नाठी, तो स्वतःशी पुटपुटे, आणि साठीला अजून सहा महिने आहेत.

आता त्यानं दुपारच्या टेकडीवर काम सुरू केलं. घरी नेऊन नाही, ऑफिसातच, नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या पेन्सिलीनं. मुलीचा दवाखाना सकाळ-संध्याकाळ. मध्ये दीड ते साडेचार मोकळी. दीडला निघून एक चाळीसची अकरा नंबर धरली तर कोपऱ्यावरच्या थांब्यावर दोन पंधरा, चालत चार मिनिटं. परत जायला तीन पन्नास. टेकडी दोनला सुरू होते, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची चूकभूल. तेवढी द्यावी घ्यावी. "कोपऱ्यावरच्या थांब्याचे दुपारचे आकडे काढ रे," त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मोजणीवाल्याला सांगितलं. मोजणीवाला वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून आकडे पुरवत होता आणि तेवढीच वर्षं चेष्टा करत होता. "तुमच्याच घराजवळचा थांबा? काय मिनिटराव, निवृत्तीनंतर दारात गाडी उभी करून घेताय की काय?" आकडे आले. दोन पंधराच्या गाडीतून सरासरी तीन उतार. तीन! तो त्या तिनाकडे कितीतरी वेळ पाहत बसला. त्यातली एक कोण, हे त्याला आता कुणी सांगायला नको होतं. रोज, अगदी रोज ती येते, हे जरा जास्तच होतंय, असं एकदा मनात आलं, पण ते त्यानं बाजूला सारलं. रविवारीही टेकडी होती आणि रविवारी तर तो स्वतःच घरात असायचा. पण रविवारी तो दुपारी इस्त्री करायचा, हीटर लावायचा, तेव्हा रविवारचं काय एवढं. एवढी वीज ती कशाला वापरते? थंडी आहे, हीटर लावून पडत असेल. पोरगी दमते. खुणा कुठेच नाहीत त्याचं कारण ती आईच्या वळणावर गेली आहे. वापरला ओटा पुसल्याशिवाय ती बाई स्वयंपाकघरातून हलायची नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांची गणितं तपासणाऱ्या माणसानं स्वतःचं गणित असं जमवलं, आणि ते जमलं याचा त्याला इतका आनंद झाला की घरी जाताना तो एक थांबा आधीच उतरला आणि चालत गेला.

पुढचे दहा-बारा दिवस त्याला घरी जायची घाई होऊ लागली. दार उघडल्यावर तो क्षणभर उंबऱ्यातच थांबून हवा हुंगायचा. साबणाचा वास येतो का, ओल्या केसांचा येतो का. न्हाणीघरात त्यानं एक धुतलेला टॉवेल जास्तीचा टांगला. दुसरा कप आणला, पहिल्याच्या शेजारी उपडा ठेवला. बिस्किटांचा पुडा ओट्यावर, सहज राहिल्यासारखा. रोज मोजायचा, आणि एकही कमी झालेलं नसायचं. तेव्हा, हिला लहानपणापासून बिस्किटं आवडतच नाहीत, हे त्याला आठवायचं. दुपारी घरी यावं, असं त्याला शंभरदा वाटलं. अर्ध्या दिवसाच्या इतक्या रजा साठल्या होत्या की त्या कुठे टाकाव्यात हा प्रश्न होता. एकदा तो एक वाजता उठलाही, कोट घातला, आणि मोजणीवाल्यानं "काय हो, बरं नाही का?" म्हटल्यावर परत बसला. जाऊन काय करणार? ती तिथे असेल, आणि त्याला पाहून टेबलावर किल्ली ठेवेल आणि निघून जाईल. मग दुपारचा तो माळ कायमचा सपाट. ती येते तोवर येऊ द्यावी. संध्याकाळी तो रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवायचा, आणि ती खुर्ची चार तासांपूर्वी रिकामी नव्हती एवढ्यावर त्याला घास गोड लागायचा. दुपारच्या प्लॅनचा अर्ज त्यानं भरून ठेवला. 'घरातील माणसं' या ओळीपुढे सुरेख अक्षरात दोन लिहिलं. फक्त मीटर बदलीवर घरमालकीणबाईंची सही तेवढी हवी होती.

बाई शनिवारी सकाळी आल्या. जिना चढून धापा टाकत असल्या तरी त्यांचं बोलणं थांबत नसे. सही करता करता त्यांची नजर अर्जावर गेली. "दुपारचा प्लॅन? अहो साहेब, दुपारी तुम्ही ऑफिसात ना? रात्रीचा घ्या की. टाकी रात्री तापवायची, निम्म्या दरात." तो म्हणाला, "दुपारी इथे वीज जास्त जाते." "दुपारी? दुपारी कशाला जाईल?" बाई उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि आरशामागचं अरुंद कपाट त्यांनी उघडलं. ते कपाट आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो ती भिंत समजत होता. आत पाण्याची उंच पांढरी टाकी होती आणि तिच्या कडेला एक पिवळट चकती. "अगंबाई! हा टायमर अजून दोनवरच आहे होय!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या आधी इथे तो पावाच्या भट्टीवरचा कामगार राहायचा. रात्रभर भट्टीपुढे, सकाळी येऊन झोपायचा, संध्याकाळी चारला उठून आंघोळ. त्यानं लावून घेतला होता दोन ते चार. मी तुम्हाला सांगायचीच राहिले बघा. म्हणजे वर्षभर दुपारी आपली टाकी तापतेय, आणि तुम्ही आंघोळ करणार दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला! आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. पाणी कोमट लागायचं नाही का हो तुम्हाला?" लागायचं. विजेचं पाणी असंच असतं असं तो धरून चालला होता. जुन्या घरी गॅस होता. नळ सोडला की पाणी तापायचं. टाकीत आधी तापवून ठेवतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. "बदलू?" बाईंनी चकतीवर बोट ठेवून विचारलं. "पहाटे तीन ते पाच करते." त्याला वाटलं, नको म्हणावं. चकती टकटक करत फिरली. "झालं! आता बघा कसं कढत पाणी मिळतंय," बाई म्हणाल्या, आणि जाता जाता, टॉवेलांकडे पाहून, "कुणी येणार आहे वाटतं तुमच्याकडे?" "नाही," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी त्यानं फोन लावला. तीच मुलगी होती. निदान आवाज तोच. "हां काका, दुपारचा घ्यायचं ठरलं?" "नाही, रात्रीचा." "पण तुमची मुलगी असते ना दुपारी? मग तुम्हाला दुपारी महाग पडेल." "दुपारी कुणी नसतं," तो म्हणाला. "चुकून सांगितलं गेलं." पलीकडे कळफलकाचे आवाज आले. "बरं. मग घरात माणसं किती लिहू?" आजवर अनेक कागदांवर 'विधुर' या शब्दापुढे त्यानं न अडखळता खूण केली होती. पण हे तोंडानं बोलायचं होतं. "एक," तो म्हणाला. "एकच?" "एकच." "ओके. चौदा दिवसांत कधीही बदलू शकता हं, काका." टायमर बदलल्यापासून पाणी खरोखर कढत येऊ लागलं. आंघोळ करताना पाठ भाजायची आणि त्याला भडभडून यायचं. कढत पाण्याखाली उभं राहून एकोणसाठ वर्षांचा माणूस रडत होता. जास्तीचा टॉवेल त्यानं घडी करून कपाटात ठेवला. दुसरा कप मात्र राहिला, कारण तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. रोज सकाळी मोबाइलवर आदल्या दिवसाचा आलेख यायचा. पहाटेला एक टेकडी, सहाला एक, संध्याकाळी एक. दुपार सपाट. जिथे कुणी चढत नाही आणि उतरत नाही, असे थांबे त्यानं आयुष्यभर नकाशावरून खोडले होते. खोडल्यावर तिथे काय उरतं, ते आता रोज सकाळी चहाबरोबर दिसत होतं.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी आलेल्या आलेखात त्या माळावर एक काडी होती. एकच, साडेतीन ते चारची, नखाएवढी. फ्रिजच्या काड्या त्याला एव्हाना पाठ झाल्या होत्या. ही त्यांच्या दुप्पट-तिप्पट होती. त्यानं चष्मा पुसला. उठून किटलीत अगदी दोन कप पाणी भरलं, उकळलं, आणि त्या दिवशी ऑफिसात ओढ लागल्यागत दुसऱ्या सकाळची वाट पाहिली. शनिवारच्या आलेखात त्याच्या सकाळच्या टेकडीशेजारी ती किटली वेगळी दिसत होती. काडी तेवढीच, किंचित उंच. मग त्यानं मागचे दिवस काढले. सगळे नाही, फक्त गुरुवार. कारण काडी गुरुवारची होती, आणि गुरुवारी दोन ते पाच मुख्य आगारात त्याची बैठक असते हे ऑफिसाबाहेर या जगात दोनच माणसांना अंगवळणी पडलेलं होतं. त्यातलं एक आता नव्हतं. मुलगी जन्मली तोही गुरुवारच होता आणि तो बैठक संपवूनच दवाखान्यात गेला होता. बायको ते चारचौघांत हसत सांगायची, बाप एक तास दहा मिनिटं उशिरा. मुलगी लहानपणी म्हणायची, गुरुवारी भूकंप जरी झाला तरी बाबा पाचनंतर पळतील. त्यानं गुरुवार एकाखाली एक लावले. टाकी साडेतीनच्या आतच तापून बंद होत असे. बाकीच्या दिवशी टेकडी तिथे तुटून संपायची. पण काही गुरुवारी तिला मागे एक बारीक शेपूट होतं, साडेतीन ते चारचं, नखाएवढं. पहिलं शेपूट जूनमध्ये. तेव्हापासून सव्वीस गुरुवारांत अकरा वेळा. तो एवढ्या मोठ्या टेकडीकडे डोळे लावून बसला होता की हे शेपूट त्यानं टेकडीतच धरलं होतं. आणि झाकण! दाबून लावलेलं झाकण त्यानं किती वेळा पाहिलं होतं, आणि आपल्याच म्हातारपणावर ढकललं होतं.

ती येत होती. रोज नाही, हीटर लावून पडायला नाही, आंघोळीला नाही. तो नक्की नसेल अशी वेळ हेरून, एक कप चहा करून, कप धुऊन जाण्यापुरती. मनातल्या मनात त्यानं तिला त्या खुर्चीत बसवून पाहिलं. कदाचित ती त्याच्याकडे येतच नव्हती, आईच्या किटलीकडे येत होती. सगळं घर वाटून टाकताना बापानं एवढी एकच वस्तू चुकून ठेवली, तिच्याशेजारी अर्धा तास बसायला. असंच असणार. हे लागायचं तेवढं लागल्यावर त्याला कळलं की तरीही तो सुखावला आहे. चौदा दिवसांतला बारावा दिवस होता. त्यानं फोन लावला. "काका, परत बदलायचं?" फोनवरची मुलगी हसली. "आता कुठला, दुपारचा?" "तिसरा एक आहे ना तुमच्या पत्रकात. दिवसभर सारखाच दर." "तो आहे, पण तो तुमच्यासाठी नाही हो. ज्यांचं काही ठरलेलं नसतं त्यांच्यासाठी आहे तो. तुमचं सगळं इतकं वेळेवर आहे, तुम्हाला तोटाच होईल." "होऊ दे. माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं काही ठरलेलं नसतं." "आणि माणसं? एकच ठेवू?" "ते तूर्त राहू दे," तो म्हणाला.

बुधवारी त्यानं चिठ्ठी लिहायला घेतली. बारा कागद फुकट गेले. सगळ्यांत सुरुवातीला स्पष्टीकरण होतं, चढ-उताराचे आकडे होते, खात्याचा नियम होता. तेराव्यावर त्यानं लिहिलं: 'अकरा नंबरची चार पस्तीसची फेरी मी बंद केली होती. मला त्याच दिवशी माहीत होतं. उशीर तुला झाला नव्हता.' खाली सही करावी की नाही कळेना, म्हणून नुसतं 'बाबा' लिहिलं. गुरुवारी सकाळी किटलीत दोन कप पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं, आणि उपड्या कपाखाली चिठ्ठी सरकवली. दार ओढून घेताना हात किल्लीवरच राहिला. आत जाऊन चिठ्ठी फाडून टाकायला एक मिनिट लागलं असतं. चिठ्ठी वाचून ती आता कधीच यायची नाही, ही शक्यता त्याला स्वच्छ दिसत होती. नुसत्या नखाएवढ्या काडीवर जगता आलं असतं, तीही हातची जाईल. दुपारच्या बैठकीत साहेबांनी त्याला दोनदा काहीतरी विचारलं आणि दोन्ही वेळा मोजणीवाल्यानं उत्तर दिलं. साडेतीनला त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. पावणेचारला पाहिलं.

सहा दहाला त्यानं दार उघडलं. हवेत काही वास नव्हता. ओट्यावर चिठ्ठी नव्हती. किटलीचं झाकण दाबून लावलेलं होतं आणि आत पाणी नव्हतं. एक कप धुऊन उपडा घातला होता. दुसरा टेबलावर होता, त्याच्या खुर्चीपुढे, आणि त्याच्यावर बशी झाकलेली होती. त्यांच्या घरात चहाला वेळेवर न पोचणाऱ्या माणसाचा कप असा बशीनं झाकून ठेवायचे. बायको ठेवायची, कधी मुलीचा आणि बहुतेक वेळा त्याचा, आणि कितीही उशीर झाला तरी कुठे होतास असं विचारायची नाही. कोट न काढताच तो बसला. बशी उचलली. चहा कोरा होता, गारढोण झालेला, आणि साखर भरपूर. डबा नुसता सवयीनं भरलेला असतो आणि डॉक्टरांनी त्याची साखर कधीच बंद केली आहे, हे तिला कुठून माहीत असणार. त्यानं तो तसाच, घोट घोट करत, तळाशी बसलेल्या साखरेसकट संपवला. मग कप धुऊन दुसऱ्याशेजारी उपडा ठेवला, आणि किटलीचं झाकण लावलेलं होतं ते तसंच राहू दिलं.